हिंसक व्हिडिओ गेम खेळल्याने मुले हिंसक होतात का?

बंदुकीचे गेम खेळणारी मुले पुढे हिंसक होतात, असे घरातील मोठी माणसे ठामपणे सांगतात; त्यात तथ्य किती, असे आपण विचारले आहे. अशा खेळांमुळे मुले हिंसक गुन्ह्यांकडे वळतात, हे संशोधनाने सिद्ध झालेले नाही. मात्र ही भीती ज्या प्रसंगांतून उपजते ते प्रसंग खरे असतात आणि त्यांचा अर्थ लावताना आम्ही मोठी माणसे चुकतो.

मीही चुकलो होतो. माझा दहावीतला भाचा जेवायला हाक मारली की फोनवरची नजर न काढता ओरडत असे, आणि एकदा त्याने पुढ्यातले ताट ढकलून दिले. ताईने आणि मी सगळा दोष बीजीएमआय या पबजीच्या भारतीय आवृत्तीतल्या गोळीबाराला दिला. मग एका रविवारी मी त्याच्या शेजारी बसून संपूर्ण डाव पाहिला. जवळजवळ शंभर खेळाडू बेटावर उतरतात, डाव सुमारे अर्धा तास चालू शकतो आणि तो मध्ये थांबवता येत नाही. त्याच्या चौघांच्या स्क्वॉडमधला, म्हणजे गटातला, एक मित्र नॉक झाला, म्हणजे गोळी लागून खाली पडला, तेव्हा हा गोळ्या चुकवत त्याच्याकडे धावला आणि त्याला रिव्हाइव्ह, म्हणजे पुन्हा उभा, करू लागला. नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून हाक आली. "मामा, आत्ता उठलो तर तो जाईल ना!" असे म्हणताना त्याचा आवाज चढला होता, पण त्यात क्रूरपणा नव्हता, मित्राला अर्ध्यावर सोडावे लागण्याची तगमग होती.

पुढे वाचताना मला २०१४ सालचे एक संशोधन सापडले. टेट्रिससारखा निव्वळ ठोकळे रचण्याचा खेळ मुद्दाम अवघड केला, तरी खेळणाऱ्यांची आक्रमकता वाढते, असे त्यात दिसले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली हिंसक गेमचा ओरडणे, ढकलणे अशा वागण्याशी अल्पसा संबंध मान्य केला, पण हिंसाचाराचे खापर गेमवर फोडणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही, असे स्पष्ट केले. ऑक्सफर्डच्या २०१९ सालच्या अभ्यासात ब्रिटनमधील १४ व १५ वर्षांच्या मुलांच्या वागण्याविषयी पालकांनाच विचारले होते. हिंसक गेम आणि आक्रमक वागणूक यांचा संबंध तेथे मात्र आढळला नाही.

गैरसमज किती लवकर पसरतो, हे अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील २००७ सालच्या हत्याकांडानंतर दिसले. मारेकरी हिंसक गेमच्या आहारी गेला असणार, असे काही तासांतच दूरचित्रवाणीवर सांगितले गेले, पण चौकशीत त्याला दुजोरा मिळाला नाही. आपल्याकडेही २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर आलेली बंदी हिंसेमुळे होती असे अनेक पालक समजतात. सरकारने दिलेले कारण देशाच्या सुरक्षेचे आणि वापरकर्त्यांच्या माहितीचे होते.

आता ताई पोळ्या लाटायला घेण्यापूर्वी "डाव सुरू केलास का?" असे विचारते. केला नसेल तर तो फोन ठेवून पानावर येतो, केला असेल तर ती थोडे थांबते. ताट ढकलण्याचा प्रकार पुन्हा घडलेला नाही. रात्री अकरानंतरच्या डावांवरून मात्र दोघांचे अजून जुळलेले नाही आणि त्या बाबतीत मी पूर्णपणे ताईच्या बाजूने आहे, कारण सकाळी सातच्या शाळेत तो डोळे चोळत जातो.