वाचकांचे प्रश्न : फर्नेसचे ते दोन पांढरे पाइप

प्रश्न : आमचं घर कॅनडात ओंटारियो प्रांतात ब्रॅम्प्टनला आहे, १९९२ सालचं. घर गरम करणारा जुना गॅसचा फर्नेस चिमणीला जोडलेला होता, आता हाय एफिशियन्सीवाला, म्हणजे कमी गॅस खाणारा, घेतोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो भिंतीला दोन भोकं पाडून प्लास्टिकचे पाइप बाहेर काढू. गॅसचा धूर प्लास्टिकमधून न्यायचा म्हणजे ते वितळणार नाही का? शिवाय मेहुणे म्हणतायत, पाइप दुकानातून आणून आपणच जोडू, बरेच पैसे वाचतील.

उत्तर : नाही वितळत. जुन्या फर्नेसचा धूर इतका गरम असायचा की तो आपला आपणच चिमणीतून वर चढायचा. नवीन फर्नेस त्याच धुरातली उष्णता दोनदा काढून घेतो, त्यामुळे धुरातल्या वाफेचं आतच पाणी होतं आणि उरलेली हवा साधारण ४०-५० डिग्रीला फॅनने ढकलून बाहेर काढावी लागते. म्हणून प्लास्टिक चालतं. उलट ते पाणी आम्लधर्मी असतं, चिमणीत सोडलं तर पत्रा आणि विटा दोन्ही खाईल. दुसरा पाइप जळणासाठी बाहेरची हवा आत आणतो, घरातली गरम हवा वापरली जात नाही.

मेहुण्यांना मात्र प्रेमाने नाही म्हणा. ओंटारियोत गॅसचं काम टीएसएसएकडे (प्रांताच्या सुरक्षा नियमांवर देखरेख करणारी संस्था) नोंदणी असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं असतं. आणि दुकानातला ड्रेनेजचा पांढरा पाइप दिसायला अगदी तसाच असला तरी एक्झॉस्टला तो चालत नाही, पाइपवर एस ६३६ (धुराच्या पाइपांचं कॅनडातलं मानक) असा शिक्का पाहिजे, प्रायमर आणि गोंदही त्याच कंपनीचा. हा शिक्का तुम्ही स्वतः वाचून बघा, कुणाला विचारत बसू नका.

दुसरं बघायचं ते उतार. एक्झॉस्ट पाइप फर्नेसच्या दिशेने फुटामागे पाव इंच उतरता हवा, म्हणजे पाणी मागे येऊन ड्रेनला जातं. आमच्या पहिल्या घरात ज्याने काम केलं त्याने पाइपला वर धरून ठेवणारी एक पट्टी कमी मारली होती. जानेवारीत मध्यरात्री घर गार पडलं म्हणून बेसमेंटमध्ये गेलो तर पाइपातून हुक्क्यासारखा गुळगुळ आवाज येत होता, दोन पट्ट्यांच्या मधे पाइपला पोट आलं होतं आणि त्या पोटात पाणी साठलं होतं, वाट अडली म्हणून प्रेशर स्विचने (धुराची वाट मोकळी आहे का हे बघणारा स्विच) फर्नेस बंद केला होता. सकाळी टेक्निशियनने पाइप हाताने जरा वर उचलला तर सगळं पाणी खळकन ड्रेनला गेलं आणि फर्नेस लगेच सुरू! एका पट्टीपायी आम्ही सगळ्यांनी रात्र जॅकेट घालून काढली. काम झालं की पाइपवर लेव्हल (उतार बघायची बुडबुड्याची पट्टी) ठेवून बघा, कॉन्ट्रॅक्टरला राग आला तरी चालेल.

एल्बोही मोजा. एकेक वळण साधारण पाच फूट सरळ पाइपाइतकं धरतात, आणि एकूण लांबीची मर्यादा फर्नेसच्या मॅन्युअलमध्ये तक्त्यात दिलेली असते.

आणि तुम्ही विचारलं नाहीत पण मला ज्याची जास्त काळजी वाटते ती गोष्ट : तुमचा वॉटर हीटर अजून त्याच चिमणीत जातोय का? फर्नेस निघाला की एवढ्या मोठ्या चिमणीत तो एकटा उरतो, त्याचा थोडासा धूर वर चढायच्या आधीच गार होतो आणि घरात परत येऊ शकतो. एकतर चिमणीत लायनर (आतून घालायचा अरुंद पाइप) टाकायचा नाहीतर हीटरही बदलायचा. कोटेशनमध्ये याबद्दल एक ओळही नसेल तर सही करू नका.

प्रश्न : आम्ही मिल्टनला असतो. मागच्या वादळात बाहेरचे पाइप बर्फाखाली गेले आणि फर्नेस बंद पडला. गरम पाणी ओतलं तर चालेल का?

उत्तर : नका ओतू, तेच पाणी तिथे गोठतं. हाताने बर्फ काढा, पाइपला फावडं लागू देऊ नका. खरं म्हणजे पाइपची तोंडं जिथपर्यंत बर्फ साठतो त्याच्या वर १२ इंच हवीत, तुमची खाली असणार, उंच करून घ्या. आत घेणाऱ्या पाइपचं तोंड खाली वळलेलं आणि एक्झॉस्टपासून मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर पाहिजे, नाहीतर फर्नेस स्वतःचाच धूर ओढतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच तपासा. डिसेंबर २००८ मध्ये वुडस्टॉकला गॅस फायरप्लेसच्या धुराची वाट तुंबली आणि हॉकिन्स कुटुंबातले चौघंही गेले, घरात अलार्म नव्हता. या अलार्मबद्दलचा ओंटारियोचा २०१३ चा कायदा त्यांच्याच नावाचा आहे.

प्रश्न : सासूबाई साताऱ्याहून आल्यात. पाइपातून पांढरा धूर बघून घाबरल्या, गॅस गीझरच्या बातम्या वाचलेल्या आहेत ना. आणि आम्हाला त्याच भिंतीला बंद पोर्च करायचाय.

उत्तर : पांढरं दिसतं ती वाफ, थंडीत दिसणारच. पण सासूबाईंची भीती योग्य जागी आहे, कारण कार्बन मोनॉक्साइड त्याच पाइपातून येऊ शकतो आणि त्याला ना रंग ना वास. गीझर बंद बाथरूममध्ये जीव घेतो तो याच वायूने. पाइप बंद पोर्चमध्ये उघडला की पोर्चचंही तेच होईल, आणि दार उघडलं की ते घरात. कॅनडाच्या गॅस कोडप्रमाणे १०,००० ते एक लाख बीटीयूच्या (तासाला लागणाऱ्या उष्णतेचं माप) फर्नेसचा एक्झॉस्ट उघडणाऱ्या खिडकीपासून किमान १२ इंच लांब लागतो, त्याहून मोठा असेल तर ३६ इंच, आणि गॅस रेग्युलेटरपासून तीन फूट. आधी गॅसवाल्याला बोलावून पाइप दुसरीकडे हलवा, मग पोर्चचं ड्रॉइंग काढा. आणि सासूबाईंच्या खोलीबाहेर एक अलार्म लावा, त्याचं टेस्टचं बटण त्यांच्याच हाताने दाबून घ्या म्हणजे तो आवाज त्यांच्या ओळखीचा होईल.