कॅमेरा कुठला ते नंतर ठरवू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न (पत्रातला मुख्य भाग): मी चाकणला एका कंपनीत कामाला आहे. वय ३०, पगार हातात ३२,०००. घरी आई-वडील, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. घर स्वतःचं आहे. महिन्याला साधारण ६,००० शिल्लक पडतात, दिवाळीला २०,००० बोनस मिळतो. एका ओळखीच्या फोटोग्राफरबरोबर लग्नाच्या ऑर्डरी करतो, त्याचाच कॅमेरा वापरतो, तो मला दिवसाचे २,००० देतो. आता स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत. कॅनन १५००डी दोन लेन्ससह ४५,००० ला मिळतोय, ९०डी हा १८-१३५ लेन्ससह १,२०,००० ला. भारीतला घेतला तर महिन्याला २५,००० सुटतील आणि वर्ष-दीड वर्षात नोकरी सोडता येईल असं वाटतं. बँकेने १,२०,००० चं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मंजूर केलं आहे, अजून उचललेलं नाही. कर्ज लवकर व्हावं म्हणून बँकेतल्या साहेबांनी वर्षाला ५०,००० ची एक गुंतवणूक योजना करून दिली. त्यासाठी लाखाची एफडी मोडली. पाच वर्षांत दुप्पट होतात म्हणाले. कागद सोबत जोडले आहेत. कोणता कॅमेरा घेऊ?

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्रात कॅमेऱ्याला आठ ओळी आहेत आणि त्या ‘योजने’ला तीन. मला मात्र त्या तीन ओळींनीच अस्वस्थ केलं. कागद उघडून पाहिले. ही गुंतवणूक योजना नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. दहा वर्षं दरवर्षी ५०,००० भरायचे आणि पंधरा वर्षांनी ८ लाख मिळणार. विम्याचं कवच ५ लाख. पाच वर्षांत दुप्पट हे वाक्य त्या कागदांत कुठेही नाही. साहेब तोंडी काय म्हणाले त्याला आता काही किंमत नाही, सहीच्या वरती जे छापलंय तेवढंच खरं.

तारीख पाहिली तर पॉलिसी तुमच्या ईमेलवर येऊन बारा दिवस झाले होते. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती कारण न विचारता परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी सगळे पैसे परत मिळतात. म्हणजे तुमच्या ५०,००० पैकी बहुतेक सगळे. उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत वेळ जाऊ नये म्हणून एवढा भाग मी तुम्हाला आधीच ईमेलने कळवला आहे. इतर वाचकांसाठी इथे पुन्हा लिहितो, कारण अशी पत्रं नेहमी येतात आणि त्यातली बरीचशी तीस दिवस उलटून गेल्यावर येतात.

अर्ज विमा कंपनीकडे करायचा, बँकेच्या त्या साहेबांकडे नाही. ‘फ्री लूकमध्ये पॉलिसी रद्द करायची आहे’ एवढं एक वाक्य, पॉलिसी क्रमांक आणि एक रद्द केलेला चेक. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि शाखेत जाऊन दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. बँकेतून फोन येईल. ‘थोडे दिवस थांबा, आम्ही करून देतो’ असं सांगतील. एक दिवसही थांबू नका, त्यांना दिवस घालवायचेच असतात. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर जा. त्यानंतरही हललं नाही तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे, तिथे फी लागत नाही.

तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की विमा कंपनीचा खात्री करण्यासाठी फोन आला तेव्हा साहेब समोरच बसले होते आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणायला खुणावत होते. ‘कर्जासाठी तुम्हाला ही पॉलिसी घ्यायला लावलेली नाही ना?’ या प्रश्नालाही तुम्ही हो म्हणालात. याची काळजी करू नका, फ्री लूकच्या हक्काला त्या फोनमुळे बाधा येत नाही. पण हे पक्कं लक्षात घ्या की कर्ज हवं तर विमा घ्या अशी सक्ती कुठल्याही बँकेला करता येत नाही. बत्तीस हजार पगाराच्या माणसाची एफडी मोडून त्याच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता बांधणं याला मी सेवा म्हणणार नाही.

आता आकडे. दहा वर्षांत तुम्ही ५ लाख भरणार, पंधराव्या वर्षाअखेर ८ लाख मिळणार. हा परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो. हेच ५०,००० दहा वर्षं पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत टाकले आणि पुढे खातं फक्त चालू ठेवलं, तर सध्याच्या ७.१ टक्के दराने पंधरा वर्षांनी साडेदहा लाखांच्या आसपास होतात. अडीच लाखांचा फरक. आणि पाच वर्षांत दुप्पट व्हायचे तर वर्षाला चौदा-पंधरा टक्के लागतात, एवढी हमी कुणीही देऊ शकत नाही. विमा म्हणून पाहिलं तर ५ लाख म्हणजे तुमच्या घराचा जेमतेम दीड वर्षाचा खर्च. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, ५० लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) वर्षाला सात-आठ हजारांत मिळतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. चार माणसं तुमच्या पगारावर आहेत, तेव्हा हा विमा कॅमेऱ्याच्या आधी.

कर्जाचा हप्ता ४,१०० च्या आसपास बसेल, पॉलिसीचे महिन्याकाठी ४,२००. दोन्ही मिळून ८,३००. तुमची शिल्लक ६,०००. पहिल्याच महिन्यापासून दोन हजारांवर तूट, आणि ती भरून काढायची ती अजून न आलेल्या ऑर्डरींतून. कर्जावर तीन वर्षांत २८,००० च्या आसपास व्याज जाईल ते वेगळंच. दुकानदार ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणाला तरी भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे. ते व्याज किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये बसवलेलं असतं.

महिन्याला २५,००० या अंदाजाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. तुमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि मुहूर्त काही गुरुवार पाहून निघत नाहीत. चातुर्मासात चार महिने लग्नं जवळजवळ बंद, हप्ता मात्र आषाढातही येतो. १५,००० ची ऑर्डर धरली तर त्यातून अल्बम, एडिटिंग, मदतनीस आणि पेट्रोल वजा होऊन हातात सात-आठ हजार राहिले तरी पुष्कळ. पंचवीस हजार सुटायला महिन्याला किमान चार ऑर्डरी हव्यात, तेही बाराही महिने. पहिल्या वर्षी हे होत नाही. ज्यांच्याबरोबर तुम्ही काम करता त्यांना विचारा, पहिल्या वर्षी स्वतःच्या नावावर किती ऑर्डरी मिळाल्या होत्या.

आता कॅमेरा. ९०डी उगाच महाग नाही. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, वधू हार घालायला हात वर करते, तो सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. ९०डी सेकंदाला दहा फ्रेम, म्हणजे दहा फोटो घेतो आणि त्याचे फोकसचे बिंदू ४५. १५००डी तीन फ्रेम घेतो, बिंदू ९. त्या क्षणी फरक पडतो, हे मान्य. पण मंगल कार्यालयातला फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उजेड कमी पडल्यामुळे, आणि सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या भागाचा आकार दोन्हींत एकच. कॅमेऱ्यासोबत येणारा १८-५५ चा किट लेन्स ५५ एमएमवर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). ५० एमएम एफ १.८ लेन्स दहा हजारांच्या आसपास मिळतो आणि त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेतो. महागड्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) किट लेन्स लावून फिरण्यापेक्षा साध्या बॉडीवर हा लेन्स तुम्हाला जास्त कामाचे फोटो देईल. पुढे कधी मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) गेलात तरी तो ॲडॅप्टर लावून चालेल.

मात्र १५००डीमध्ये एक अडचण आहे आणि दुकानदार ती सांगणार नाही. फ्लॅश बसवायच्या खाचेत मधली पिन कॅननने या मॉडेलमधून काढून टाकली आहे. त्यामुळे दोन-तीन हजारांचे साधे मॅन्युअल फ्लॅश त्यावर पेटतच नाहीत. कॅननची भाषा कळणारा फ्लॅशच लागतो आणि तो घेतानाही कॅमेऱ्यावर लावून पाहावा लागतो. लग्नाच्या कामाला फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही.

म्हणून माझा कल तुम्ही न विचारलेल्या तिसऱ्या पर्यायाकडे आहे: वापरलेला ८०डी. २०१६ चं मॉडेल, फोकसचे ४५ बिंदू, सेकंदाला सात फ्रेम, पिन शाबूत. सगळे मिररलेसकडे वळल्यामुळे जुन्या डीएसएलआरचे (आरशाच्या कॅमेऱ्यांचे) भाव उतरले आहेत, पुण्यात शोधलात तर किट लेन्ससह ४५,००० च्या आत बसावा. त्याच्या शटरचं आयुष्य कंपनीच्या हिशोबाने एक लाख क्लिकचं. चाळीस हजार क्लिकच्या आतला पाहा. कॅननच्या फोटोच्या माहितीत शटर काउंट, म्हणजे आजवर झालेले क्लिक दिसत नाहीत, तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल आणि बॉडीवरचा सिरियल नंबर जुळतो का तेही बघा.

एखादी मोठी ऑर्डर आली तर भारी बॉडी त्या दिवसापुरती भाड्याने घ्या. दिवसाला हजार-बाराशे धरले तर तुमच्या दोन कॅमेऱ्यांच्या किमतीतल्या ७५,००० च्या फरकात बासष्ट ते पंचाहत्तर दिवसांचं भाडं निघतं. आणि हो, ९०डीतही कार्डाची खाच एकच आहे. लग्नात कार्ड बिघडलं तर पुन्हा लग्न लागत नाही, तेव्हा कुठलीही बॉडी असो, कार्ड दर दोन तासांनी बदला आणि रात्री घरी गेल्या गेल्या दोन ठिकाणी कॉपी करा.

पैशांची सोय अशी. पॉलिसीचे परत आलेले आणि खात्यात उरलेले मिळून लाखाची एफडी पुन्हा करा. तुळशीच्या लग्नाला अजून चार महिने आहेत. तोवर शिल्लक २४,०००, त्यात बोनसचे २०,०००. यातून टर्म इन्शुरन्सचे ८,००० बाजूला काढले की उरले ३६,०००. एफडीतले २५,००० घेतलेत तर एकूण ६१,००० होतात. त्यात बॉडी, ५० एमएम आणि बरा फ्लॅश बसतो आणि डोक्यावर कर्ज नाही. एफडीत ७५,००० राहतील, म्हणजे घराचा जवळजवळ तीन महिन्यांचा खर्च. त्याला पुढे हात लावायचा नाही.

ऑर्डरींसाठी वेगळं बचत खातं उघडा. ॲडव्हान्स त्यातच घ्या, अल्बमचे पैसे त्यातूनच द्या. दोन सीझन गेल्यावर त्या खात्यात सगळे खर्च जाऊन एक लाख शिल्लक दिसली तर भारी कॅमेऱ्याचा विचार करा, आणि तेव्हा डीएसएलआर न घेता मिररलेस पाहा.

नोकरीचं म्हणाल, तर तुमच्या पत्रानुसार कंपनीचा तीन लाखांचा मेडिक्लेम तुम्हाला, बायकोला आणि मुलीला आहे, आई-वडिलांना नाही. नोकरी सोडलीत की तोही जाईल. आधी आई-वडिलांसाठी स्वतंत्र आरोग्य विम्याची चौकशी सुरू करा, त्यांची वयं आणि आजार कळवलेत तर त्यावर वेगळं लिहीन. मंजूर झालेलं कर्ज नको आहे हे बँकेला याच आठवड्यात लेखी कळवा. प्रोसेसिंग फीचे दोन-अडीच हजार गेले असतील तर त्यांच्यासाठी कर्ज उचलू नका.