डोळे शेवटी कर रे पोरा

अरे पोरा, तुझ्या मॉडेल जहाजाच्या फिगरहेडसाठी कोरलेल्या लाकडी सिंहाचा फोटो मिळाला, रात्री दुकान बंद करून झूम करून करून बघितलो, आणि खरं सांगतो हात चांगला हाय तुझा. पण मला पहिल्यांदा दिसले ते डोळेच. बुबुळं काय, पापण्या काय. मूर्तीच्या कारखान्यात चार वर्षं डोळ्यांची आखणी करायलास म्हणून हात तिकडंच जाणार, ती चूक नव्हं. पण शाडूत जास्त खरवडलं तर परत चिमूटभर माती लावता येते की, लाकडात गेलं ते गेलं.

फिगरहेड म्हणजे जहाजाच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची मूर्ती, ती नाळेबरोबर पुढं झुकलेली पाहिजे, लाटेवर चाल करून निघाल्यासारखी. स्वीडनचं वासा जहाज 1628 ला पहिल्याच सफरीत बुडालं, 1961 ला वर काढलं, त्याच्या नाळेवरचा सिंह नेटवर काढून बघ, सगळं अंग ताणून झेप घेतोय. तुझा मात्र देवळाच्या पायरीशी बसवल्यासारखा ताठ बसलाय. हा झुकाव अगदी सुरुवातीला ठरतो, ठोकळ्याच्या बाजूवर पेन्सिलनं आकृती काढून भोवतीचं लाकूड बारीक करवतीनं उडवतोस ना, तेव्हाच. तिथं चुकलं की पुढं महिनाभर कोरलास तरी सुधारत नाही.

आणि डोळ्यांचं गणित करून बघ की. 1:48 च्या, म्हणजे खऱ्याच्या 48 पट लहान मॉडेलवर सहा फुटाचा माणूस दीड इंचाचा होतो, त्याचं डोकं जेमतेम 5 मिलिमीटर. त्यात पापणी कुठं कोरणार? भुवईखाली दोन खोलगट जागा कर, मधे नाकाचा उंचवटा ठेव, सावली पडली की बघणाऱ्याला नजर आपोआप दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूर्ती नाळेच्या फळीवर बसायला मागून खाच लागते, ती खाच ठोकळा चौकोनी असतानाच पाड. मी पहिल्यांदा उलटं केलो. तीन आठवडे एक बाई कोरलो, पदराच्या चुण्यासुद्धा, आणि शेवटी खाच पाडायला घेतलो तर शिकंज्यात धरायला सपाट जागाच उरली नव्हती, टॉवेलात गुंडाळून आवळलो आणि मांडीपासून सरळ फाटली. तो कट्ट आवाज अजून कानात हाय. म्हणून पायाखालीसुद्धा इंचभर लाकूड जास्त सोड, धरायला, आणि काम संपल्यावरच काप.

लाकूड साग घेतलास ते बदल. मोठ्या जहाजाला सागासारखं लाकूड नाही, मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडियांनी 1817 ला बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज सागाचंच, अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं हाय, आणि त्याच्या नाळेवर पगडीवाला माणूस हाय, आपल्याकडचा! मला तर त्याचा फोटो बघूनच हे वेड लागलं. पण सागाची छिद्रं मोठी, एवढ्याशा चेहऱ्यात एक छिद्र आलं की नाकाचा टवकाच उडतो, शिवाय पटाशीची धार लवकर मरते. खानापूरकडच्या वखारीत हेदाचे तुकडे मिळतात काय विचार, पिवळसर, बारीक पोताचं लाकूड. आणून लगेच कोरू नको, आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं आणि मार्चच्या उन्हात तडकतं, तेव्हा आत माळ्यावर ठेव, एक उन्हाळा जाऊ दे.

हत्यारं नवीन घेऊ नको. दोन-तीन बारीक पटाश्या आणि मेडिकलमध्ये मिळतं ते 11 नंबरचं ब्लेड, बास. पटाशी मात्र चामड्याच्या पट्ट्यावर सारखी घासत जा, धार बरोबर असली की कापलेली जागा स्वतःच चमकते. पॉलिश पेपर एवढ्या छोट्या कामात सगळ्या कडा खातो, आयाळीचे केस गुळगुळीत होऊन जातात, तुझ्या फोटोत तेच झालंय बघ.

पुढचा सिंह करवतीनं कापून झाला की तिथंच थांब, पटाशी लावू नको, आणि मला फोटो पाठव. समोरून नको, बाजूनं काढ.