रंगमंचाचं विचारा

प्रश्न : सर, आमच्या गावात मित्रमंडळींनी मिळून स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'द सेव्हन्थ सील' हा सिनेमा पाहिला. त्यात गाडीतून गावोगाव खेळ करत फिरणारा योफ ज्यानं केलाय, तो मुळात विनोदी नट होता म्हणे. खरं का? मी एकांकिकांत विनोदी कामं करतो, गंभीर भूमिकेला कुणी विचारतच नाही. विनोद सोडून द्यावा का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : अजिबात सोडू नका. त्या नटाचं नाव निल्स पॉप्पे. १९५७ साली तो योफ झाला, तेव्हा स्वीडनमध्ये त्याला विनोदी नट म्हणूनच ओळखत होते. जन्म १९०८चा, माल्मोचा. लहानपणी पॉप्पे कुटुंबानं त्याला वाढवलं, आडनाव त्यांचंच. आधी गाण्या-नाचाचे, नकलांचे रंगमंचीय खेळ, मग सिनेमे. १९४६चा 'पेंगार' त्यानं स्वतःच दिग्दर्शित केला, आणि १९४८चा त्याचा 'सोल्डाट बोम' तर लोकांनी डोक्यावर घेतला.

आता खानावळीतला प्रसंग पुन्हा बघा. लोक योफला टेबलावर चढवतात, अस्वलासारखा नाच म्हणतात. पॉप्पे तिथे नेमकं तेच करतो जे विनोदी नट आयुष्यभर करतो : उड्या मारतो, तोल सावरतो. पण भोवतालचं हसू क्रूर आहे, म्हणून आपल्याला हसूच येत नाही. मला तो प्रसंग दरवेळी अस्वस्थ करतो. हे शरीर त्यानं कुठल्या गंभीर नाटकात कमावलेलं नाही. आणि तिथून सुटून पळताना हाच योफ चोरीचं कंकण उचलतो, बायको मिआसाठी! दुखणं आणि खट्याळपणा एकाच देहात. प्लेगच्या त्या मुलखात सरदार मृत्यूशी बुद्धिबळ खेळतो, पण वाचतात ते योफ, मिआ आणि त्यांचं लेकरू.

त्यानंतरही पॉप्पेनं विनोद टाकला नाही. १९६० साली बर्गमनच्याच 'द डेव्हिल्स आय'मध्ये तो भोळा पाद्री झाला. १९६६ पासून हेल्सिंगबोर्गच्या फ्रेडरिक्सदाल या खुल्या नाट्यगृहाचा कारभार त्यानं हाती घेतला आणि दोन तपांहून जास्त काळ दर उन्हाळ्यात हलकीफुलकी नाटकं लावली, स्वतः कामंही केली. २००० साली तो गेला.

आपल्या मराठवाड्याला हे परकं वाटू नये. पैठणच्या नाथांचं 'विंचू चावला' घ्या. भारूडकरी लोळतो, कळवळतो, लोक पोट धरून हसतात, आणि तोच विंचू काम-क्रोधाचा निघतो. तुम्ही ते एकदा बसवा. फक्त तालमीत हशासाठी थांबायचं नाही, विंचवाची कळ खरीच लागली पाहिजे. आणि दिग्दर्शकांना ते बघायला बोलवा, गंभीर भूमिका मागायला तुमच्याजवळ तेवढं पुरे.