‘आधी ये, मग बघू’ म्हणणारा कोच

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, टेनिस चांगलं खेळतो. अमेरिकेतल्या एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) विद्यापीठाच्या कोचने कळवलंय, ‘वॉक-ऑन म्हणून ये, दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिपचं बघू.’ पहिल्या वर्षासाठी फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढावं का?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : त्या ‘बघू’वर फ्लॅट तारण ठेवू नका, हे आधीच सांगून टाकतो.

वॉक-ऑन म्हणजे संघात जागा मिळाली, पण खेळासाठी एक डॉलरही नाही. पूर्वी कोचला असा खेळाडू फुकटात पडायचा. पुरुषांच्या टेनिसला अख्ख्या संघात मिळून ४.५ स्कॉलरशिपा असायच्या. त्या तुकडे करून वाटायच्या आणि वर दोन-चार मुलं स्वखर्चाने आली तर कोणाची हरकत नसे. जून २०२५ मध्ये कॉलेज खेळांची संघटना ‘एनसीएए’ हिच्याविरुद्ध खेळाडूंनी लढवलेल्या ‘हाऊस’ खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि हे गणितच फिरलं. ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत मर्यादा आता स्कॉलरशिपांवर नाही, डोक्यांवर आहे : टेनिसला १० खेळाडू. दहाही जणांना पूर्ण पैसे द्या, पण अकरावा नको. म्हणजे तुमच्या मुलाने अडवलेली जागा कोचला आता महाग पडते. उद्या सरस खेळाडू हाती लागला तर कात्री कुणावर चालेल, ते मी सांगायला नको. तडजोड न स्वीकारलेल्या विद्यापीठांत स्कॉलरशिपांची जुनीच मर्यादा आहे. तेव्हा ‘तुमच्या विद्यापीठाने तडजोड स्वीकारली आहे का?’ हा पहिला प्रश्न कोचला विचारा.

आता पैशांचं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला अमेरिकी सरकारची मदत मिळत नाही. तिथल्या नातेवाइकांनी ‘फाफ्सा भरा’ म्हटलं तरी तो सरकारी मदतीचा फॉर्म तुमच्यासाठी नाही. उरते ती विद्यापीठाची स्वतःची मदत, गुणांवरची किंवा ऐपत पाहून दिलेली. इथे एक जुना पेच होता : अशी मदत बऱ्याचदा संघाच्या स्कॉलरशिपांच्या कोट्यात मोजली जायची, म्हणून हुशार वॉक-ऑनसुद्धा कोचला अडचणीचा वाटायचा. टेनिससारख्या खेळांत २०२० पासून हा पेच सुटला आहे.

खरं सांगायचं तर मला गुणांवरचे पैसे कोचच्या पैशांपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. संघातून नाव गेलं, खांदा दुखावला, तरी गुण टिकवले की मदत चालू राहते. मार्क चांगले असतील तर डिव्हिजन थ्रीकडेही, म्हणजे तिसऱ्या पातळीकडेही, बघा. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप मुळात नसतेच, त्यामुळे वॉक-ऑन हा कमीपणाही नाही. ॲमहर्स्ट आणि एमआयटी डिव्हिजन थ्रीमध्येच खेळतात, आणि परदेशी मुलालाही घरची ऐपत बघून मदत देतात. आयव्ही लीगमध्येही (हार्वर्ड, येलसारख्या विद्यापीठांचा गट) खेळाची स्कॉलरशिप नाही. प्रवेश मात्र दोन्हीकडे महाकठीण, हे गृहीत धरा.

कोचचा शब्द म्हणजे विद्यापीठाचा कागद नव्हे. आर्थिक मदत कार्यालयाला मुलाच्या नावाने स्वतंत्र ईमेल करा : परदेशी विद्यार्थ्याला कोणती मदत मिळते, किती वर्षं, किती जीपीए (सरासरी गुण) राखावा लागतो? आय-२० (व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा दाखला) मिळायला पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागतेच, तेव्हा हा आकडा तसाही लागणार आहे. चारही वर्षांचा खर्च एकदा कागदावर मांडा, स्कॉलरशिपच्या रकान्यात शून्य लिहा. तरीही परवडत असेल तर मुलाला खुशाल पाठवा.