माझं ऐकून तुम्हाला त्रास होत नाही का, मॅडम?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक क्लायंट कधी ना कधी विचारतोच, आणि बहुतेक वेळा त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असतो, की पुढचं सांगू का नको, तुम्हाला झेपेल ना. म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पस्तिशीतली बाई, बँकेत नोकरी, वडील जाऊन सहा महिने झालेले. आयसीयूत डॉक्टरांनी विचारलं व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, भाऊ बाहेरगावी, आईला काही सुचेना, शेवटी 'नको' म्हणून सही हिने केली. तिसऱ्या सेशनला हे सांगताना "सही केली आणि मग मला..." इथवर आली आणि थांबली. मी लगेच म्हणाले, "तुमची काहीच चूक नव्हती हो, तुम्ही बाबांचे हाल वाचवले." माझे डोळे भरून आले होते. ती नुसतं "हो" म्हणाली, पाणी प्यायली, विषय संपला.

पुढची दोन सेशन्स ती फक्त ऑफिसबद्दल बोलली. ट्रान्सफर, टार्गेट, मॅनेजर. आणि मी काय करत होते, तर ५० मिनिटांचं सेशन सव्वा तासावर नेत होते, एरवी त्याच दिवशी लिहून टाकते त्या नोट्स हिच्या बाबतीत आठवडाभर कोऱ्या. खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. माझे वडील आदल्याच वर्षी गेले, आणि तशीच एक सही मीही केलीय.

आमच्याकडे सुपरव्हिजन असतं, म्हणजे जास्त अनुभवी समुपदेशकापुढे आपली केस मांडायची, क्लायंटचं नाव-गाव न सांगता, आणि हे क्लायंटला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिचं वाक्य अर्धं राहिलं ना गं, पुढे काय म्हणणार होती ती?" मला सांगताच येईना. कारण मी ऐकून घ्यायच्या आधीच उत्तर देऊन मोकळी झाले होते, आणि ते उत्तर मलाच कुणाकडून तरी हवं होतं. त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले, वर्षभराचं राहिलेलं.

याला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात, क्लायंटसोबत असताना थेरपिस्टच्या मनात जे उठतं ते. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडने १९१० मध्ये हा शब्द वापरला तेव्हा तो त्याकडे थेरपिस्टने ओळखून दूर करायची अडचण म्हणून बघत होता. १९५० मध्ये पॉला हायमन या मनोविश्लेषक बाईंनी मांडलं की याच भावनांमधून समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कळू शकतं. मला दोघांचंही पटतं, पण आधी ती भावना क्लायंटची की माझी हे तरी कळायला हवं ना.

पुढच्या वेळी मी तिला म्हटलं, त्या दिवशी तुमचं वाक्य मी मध्येच तोडलं, माझ्या मनात काहीतरी हललं होतं, ते मी माझ्या ठिकाणी बघतेय, त्याची काळजी तुम्ही नका करू. वडिलांचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने माझंच सांत्वन केलं असतं, आणि तेच तर ती आयुष्यभर करत आलीय.

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मला वाटलं मी तुम्हाला रडवलं. आईला बीपी आहे ना, तिच्यासमोर पण मी असंच अर्धं बोलते." आणि मग ते वाक्य पूर्ण झालं. "सही केली आणि मग मला हायसं वाटलं, मॅडम. डायलिसिसच्या फेऱ्या संपल्या म्हणून. बाबा अजून जिवंत होते आणि मला हायसं वाटलं." हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या त्या घाईच्या 'चूक नव्हती'मध्ये याला जागाच नव्हती.

आता मी दुःखाच्या दोन केसेस लागोपाठ घेत नाही, मध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवते, नोट्स लिहिते, खिडकीपाशी उभी राहते. आणि माझं जे वडिलांचं आहे त्यासाठी मी स्वतः थेरपी घेतेय, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

त्या दिवशी निघताना तिने दारात थांबून विचारलंच, "आज त्रास झाला का तुम्हाला?"

"झाला थोडा," मी म्हटलं, "आणि गुरुवारी मी सरांकडे जाणार आहे."

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि पुढच्या आठवड्याची वेळ लिहून घेतली.