वाईट चित्रपट नेमका कुठे बिघडतो

प्रश्न असा होता: जगातले सर्वात वाईट म्हणून ज्या चित्रपटांची नावं घेतली जातात, ते पैसे कमी पडल्यामुळे तसे झाले का? आणि लघुपट करू पाहणाऱ्याने त्यांच्याकडून काय शिकावं?

पैशाचं आधी बघू. 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट' (१९६६) साधारण १९ हजार डॉलरमध्ये झाला. 'द रूम' (२००३) या चित्रपटावर ६० लाख डॉलर खर्च झाल्याचं सांगितलं जातं. 'वाईटात वाईट'च्या याद्यांमध्ये हे दोघे शेजारी-शेजारी असतात, म्हणजे पैशाने फार काही ठरत नाही. माझ्या मते बघायचं ते हे, की चित्रपट कागदावर बिघडला, सेटवर बिघडला की संकलनाच्या टेबलावर. एका टप्प्यावर राहून गेलेली गोष्ट पुढच्या टप्प्यावरच्या माणसाला सहसा भरून काढता येत नाही, कारण त्याच्या हातात तेवढं साहित्यच आलेलं नसतं.

शिकण्यासाठी 'मॅनोस'इतका उपयोगी चित्रपट दुसरा नाही. टेक्सासमधल्या एल पासो गावच्या हॅरॉल्ड वॉरन नावाच्या खतविक्रेत्याने पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट यांच्याशी पैज लावून तो केला. सुट्टीवर निघालेलं कुटुंब वाट चुकतं आणि एका विचित्र पंथाच्या घरात अडकतं, एवढीच गोष्ट. कॅमेरा १६ मिमीचा, चावी देऊन चालणारा. एकदा चावी दिली की जास्तीत जास्त ३२ सेकंद चालणार. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरल्या तर ७६८ चौकटी, म्हणजे १९ फुटांच्या आसपास फिल्म. चित्रपट जेमतेम ७० मिनिटांचा आहे, तरी या हिशेबाने त्यात किमान १३२ तुकडे हवेतच.

आता हे संभाषणाच्या प्रसंगात काय करतं ते बघा. नेहमीची पद्धत अशी की आधी आख्ख्या प्रसंगाचा मास्टर, म्हणजे सगळी माणसं दिसतील असा सलग शॉट घ्यायचा, मग एकेका नटाचा क्लोजअप, आणि दर वेळी प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा. तेच वाक्य तीन बाजूंनी मिळतं आणि संकलकाला हव्या त्या शब्दावर कापता येतं. ३२ सेकंदांत आख्खा प्रसंग मावत नाही. मग नट एक-दोन वाक्यं बोलतो, थांबतो, कॅमेरा बंद. पुन्हा चावी, पुन्हा सुरुवात. प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर एक रिकामा क्षण राहतो. तो कापायचा तर त्यावर टाकायला दुसऱ्या बाजूचा शॉट लागतो, आणि तो घेतलेलाच नसतो. म्हणून 'मॅनोस'मधली माणसं बोलण्याआधी एकमेकांकडे नुसती बघत राहतात. लोक याला वाईट अभिनय म्हणतात. मला त्यात कॅमेऱ्याची चावी दिसते.

तसाच कॅमेरा घेऊन वृत्तपट करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं उत्तम काम केलं आहे. त्यांची रीत सोपी होती: शॉट १०-१५ सेकंदांचे आखायचे आणि ज्या क्रियेवर एक शॉट संपतो तीच क्रिया पुढच्या शॉटच्या सुरुवातीला पुन्हा करून घ्यायची. दार उघडणारा हात बाहेरूनही घ्या, आतूनही घ्या. शिवाय प्रत्येक प्रसंगासाठी दोन-तीन सुटे शॉट ठेवा: टेबलावरचा पेला, ऐकणाऱ्याचा चेहरा, खिडकी. हे फोनवर चित्रीकरण करणाऱ्यालाही तितकंच लागू आहे.

याच चित्रपटाच्या सुरुवातीला गाडी रस्त्याने जात राहते, शेतं दिसतात, बराच वेळ काहीच होत नाही. त्या दृश्यांवर श्रेयनामावली यायची होती, ती टाकलीच गेली नाही. आणि नावं नाहीत तर दृश्यं काढावीत, हेही कुणी केलं नाही. एका ठिकाणी तर क्लॅपही (शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यापुढे वाजवायची पाटी) क्षणभर चौकटीत दिसतो. हा शुद्ध टेबलावरचा बिघाड. कात्री लावली असती तर तासाभरात दुरुस्त झाला असता.

रात्रीचा एक प्रसंग मात्र सेटवर बिघडला. गोळीचा आवाज ऐकून दोन पोलीस गाडीतून उतरतात, चार पावलं टाकतात, अंधारात बघतात आणि परत जातात. पडद्यावर हे बिनडोक दिसतं. कारण एवढंच, की दिव्यांचा उजेड त्यापुढे पोचत नव्हता. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, या गणितातून कुणाचीच सुटका नाही. वर त्या दिव्यांवर पतंग जमले, ते चौकटीत उडताना दिसतात. कमी दिव्यांत रात्र हवी असेल तर सूर्य मावळल्यावरची २०-२५ मिनिटं पकडा, एक्स्पोजर थोडं खाली ठेवा, आणि आधी सगळे लांबचे शॉट उरका. आभाळात उजेड असेपर्यंत मागचं झाड, कौलं, रस्ता वेगळा दिसतो. पूर्ण अंधार झाल्यावर फक्त चेहरे घ्या.

आवाजाची कथाही तीच. चित्रीकरणाच्या जागी काहीच ध्वनिमुद्रित केलं नव्हतं. नंतर मोजक्या माणसांनी जवळजवळ सगळ्यांचे आवाज दिले, लहान मुलीचा आवाजसुद्धा एका मोठ्या बाईचा आहे. डोळे मिटून दहा मिनिटं ऐका: बाहेरचं माळरान आणि आतली खोली एकसारखी ऐकू येते. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिटभर खोलीचा आवाज मुद्रित करा. माइक हलवू नका, संवादाच्या वेळी जो पंखा किंवा फ्रिज चालू होता तोही तसाच राहू द्या. संवादांच्या मधल्या फटी त्याच आवाजाने भरायच्या असतात. कोरी शांतता टाकली की प्रत्येक जोड कानाला टोचतो.

दिग्दर्शक एड वूडच्या 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'बद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण त्याच्यावर अन्यायही झाला आहे. १९८० मध्ये वाईट चित्रपटांना थट्टेचे पुरस्कार देणाऱ्या 'गोल्डन टर्की अवॉर्ड्स' या पुस्तकाने त्याला सर्वकाळचा सर्वात वाईट चित्रपट ठरवलं आणि तो शिक्का कायमचा बसला. 'ड्रॅक्युला' गाजवलेले नट बेला लुगोसी ऑगस्ट १९५६ मध्ये वारले. त्यांचे आधी घेतलेले थोडेसे मूक शॉट वूडकडे होते. ते पुन्हा पुन्हा वापरून उरलेल्या भूमिकेत बायकोच्या ओळखीतला, मणक्यांवर उपचार करणारा एक माणूस उभा केला. तो लुगोसींपेक्षा उंच होता, म्हणून सबंध चित्रपटभर झग्याने तोंड झाकून फिरतो. एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आलटून पालटून येतात, आणि विमानाच्या कॉकपिटला दाराऐवजी पडदा लावलेला आहे. हे दोष खरे आहेत.

पण चौकटीच्या वरच्या कडेला दिसणारा बूम (माइकचा लांब दांडा) दाखवून हसण्याआधी एक करा. त्या काळात असे चित्रपट जवळजवळ चौकोनी फिल्मवर चित्रित होत आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून रुंद चित्र दाखवत. टीव्हीच्या प्रतींत मात्र आख्खी चौकट दिसते. पडद्याच्या उंचीचा साधारण सातवा भाग वर आणि तेवढाच खाली काळ्या कागदाने झाका, मग जे उरेल त्यात चुका मोजा. यादी आखूड होते. स्वतः चित्रीकरण करतानाही शेवटचं माप आधीच ठरवा आणि कॅमेऱ्यावर त्याच्या रेषा लावून ठेवा.

'द रूम' कागदावर बिघडला. त्याचा लेखक-दिग्दर्शक टॉमी वाइझोने साहित्य भाड्याने न घेता विकत घेतलं आणि ३५ मिमी व डिजिटल असे दोन कॅमेरे एकाच आधारावर शेजारी-शेजारी लावले. दोघांना मानवेल असा उजेड करणं तंत्रज्ञांना किती जड गेलं असेल! शेवटी वापरलं ३५ मिमीच. पण मूळ दुखणं पटकथेत आहे. नायिकेची आई आपल्याला स्तनाचा कर्करोग झाल्याचं सांगते आणि नंतर कुणीही त्याचा उल्लेख करत नाही. गच्चीवर शेजारच्या मुलाच्या कपाळाला पिस्तूल लावणारा गुंडही असाच येतो आणि जातो. प्रत्येक प्रसंगापुढे तीन गोष्टी लिहून बघा: कुणाला काय हवंय, अडतंय कशाने, आणि प्रसंग संपल्यावर काय बदललं. तिसरा रकाना कोरा राहिला तर तो प्रसंग चित्रित करू नका.

त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ मित्र आहे. काम पुरं व्हायच्या आत तो नट निघून गेला, आणि शेवटच्या पार्टीत त्याचे संवाद एका नव्याच माणसाच्या तोंडी आले. हा कोण, प्रेक्षकाला पत्ताच नाही. नट गेला तर त्याची वाक्यं आधीपासून ओळखीच्या पात्राला द्या. तिथे अशी पात्रं हजर होती.

आपल्याकडचं उदाहरण 'राम गोपाल वर्मा की आग' (२००७). इथे दिग्दर्शक मुरलेला, नट मोठे, साहित्याची ददात नाही. 'शोले'ची गोष्ट जशीच्या तशी उचलताना ती कशावर उभी आहे हे मात्र निसटलं. रामगढ आडगाव आहे, कायदा तिथे पोचत नाही, म्हणून दोन चोरांना बोलावणं पटतं. तीच माणसं शहरी गुंडांच्या गोष्टीत आणली की पोलीस काय करताहेत हा प्रश्न पहिल्या रिळापासून उभा राहतो. ठाकूरचे दोन्ही हात तोडलेले आहेत, बंदूक उचलणं त्याला अशक्य आहे. 'आग'मध्ये इन्स्पेक्टरची बोटं तोडली जातात. इजा लहान झाली तशी दुसऱ्यांची गरजही लहान झाली, आणि सगळी गोष्ट त्या गरजेवर टांगलेली होती. पुनर्निर्मिती करणाऱ्याने संवाद पाठ करण्याआधी हे दुवे एकेक करून तपासायला हवेत.

बघायला सुरुवात 'मॅनोस'पासून करा, पहिली २० मिनिटं आवाज बंद ठेवून. मात्र १९९३ मध्ये 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या टीव्ही कार्यक्रमात दाखवलेली धूसर प्रत अभ्यासाला घेऊ नका. २०११ मध्ये १६ मिमीची मूळ कार्यप्रत (संकलनासाठी वापरलेली प्रत) सापडली, तिच्यावरून केलेली स्वच्छ प्रत घ्या. जुन्या प्रतीत अंधार दिसला तर तो दिव्यांचा दोष की छपाईचा, हे सांगता येत नाही.